दुबईत घर घेण्याआधी : किंमत एक, खर्च अनेक, कायदे दोन देशांचे

(कोकणातील तरुण-तरुणींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन. दर आणि मर्यादा २०२५ मध्ये लागू असलेल्या नियमांप्रमाणे आहेत.)



रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातल्या आपल्या गावांत आखाताशी काहीच संबंध नाही असं घर क्वचितच सापडेल. कुणाचे अब्बा तिकडे होते, कुणाचा भाऊ आहे, कुणी स्वतः व्हिसाची वाट पाहत असेल. आपल्या मागच्या पिढीने तिकडे कमावलं आणि इकडे गावात घर बांधलं. आता उलटा विचार सुरू झाला आहे. इकडचे पैसे तिकडे नेऊन दुबईत फ्लॅट घ्यायचा. मुंबई-पुण्याच्या मोठ्या हॉटेलांत तिथल्या बिल्डरांची प्रदर्शनं भरतात. मोबाईलवर जाहिरात येते : महिन्याला फक्त १ टक्का भरा, टॅक्स नाही, व्हिसाही मिळेल.

मी तुम्हाला घेऊ नका असं सांगायला आलेलो नाही. कायद्याने घेता येतं आणि अनेकांनी नीट घेतलेलं आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की परदेशातलं घर तीन ठिकाणी टिकावं लागतं. दुबईच्या जमीन खात्यात टिकावं लागतं. भारताच्या रिझर्व्ह बँकेच्या आणि आयकराच्या नियमांत टिकावं लागतं. आणि तुमच्या पश्चात तुमच्या घरच्यांच्या हातात टिकावं लागतं. ब्रोकर तुमच्याशी फक्त पहिल्या ठिकाणाबद्दल बोलतो, तेही अर्धंच. उरलेलं आपण आज बोलू.

आधी हिशेब

समजा, १० लाख दिरहमचा तयार फ्लॅट आहे. दिरहमचा भाव सोयीसाठी २४ रुपये धरू. म्हणजे २ कोटी ४० लाख रुपये. लहान स्टुडिओ घेतला तरी टक्के साधारण तेच राहतात, म्हणून हा आकडा धरून चालू.

दुबईच्या जमीन खात्याची हस्तांतर फी ४ टक्के. झाले ४० हजार दिरहम. नियमात ही फी घेणारा आणि विकणारा यांनी निम्मी निम्मी भरायची आहे, पण व्यवहारात ती सगळी घेणाऱ्याच्याच अंगावर टाकतात. करारात काय लिहिलंय ते बघा, घासाघीस करायला जागा असते. ब्रोकरचे २ टक्के, म्हणजे २० हजार, आणि त्यावर ५ टक्के व्हॅट, असे २१ हजार. नोंदणी ज्या अधिकृत ट्रस्टी कार्यालयात होते त्याची फी व्हॅट धरून ४,२०० दिरहम. मालकीपत्राचे सुमारे ५८०. वीज-पाण्याच्या जोडणीची अनामत २ हजार. बेरीज करा, जवळपास ६८ हजार दिरहम होतात. म्हणजे सोळा लाख रुपयांहून जास्त, आणि हे फ्लॅटच्या किमतीबाहेरचे.

तिथे नोकरी करणाऱ्याने बँकेचं कर्ज घेतलं तर कर्जाच्या रकमेवर पाव टक्का तारण-नोंदणी, बँकेची प्रोसेसिंग फी आणि घराचं मूल्यांकन हे वेगळे खर्च. ज्यांना व्याज टाळायचं आहे ते इस्लामिक बँकेकडून इजारा पद्धतीने घेतात. त्यात शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी बँकेची असते आणि तुम्ही भाडेकरू असता. नोकरी गेली, हप्ते थांबले, तर काय होईल ते त्या कराराच्या कलमांत शोधा. कर्जाचं नाव बदललं म्हणून जोखीम कमी होत नाही.

मग दर वर्षीचा खर्च. इमारतीचा सर्व्हिस चार्ज चौरस फुटावर असतो. १५ दिरहमचा दर धरला तर ७०० चौरस फुटांच्या फ्लॅटला वर्षाला १० हजार ५०० दिरहम, म्हणजे अडीच लाख रुपये. फ्लॅट रिकामा असला तरी भरायचा. तो थकला तर नोटीस येते, आणि शेवटी प्रकरण फ्लॅटच्या लिलावापर्यंत जाऊ शकतं. बऱ्याच इमारतींत थंड हवेसाठी केंद्रीय कूलिंग असतं, त्याचं बिल वेगळं. ब्रोकर ‘इतके टक्के भाडं सुटेल’ म्हणतो तो आकडा हे सगळं वजा करायच्या आधीचा असतो.

पैसे भारतातून कसे जाणार?

भारतात राहणाऱ्या माणसाला परदेशी घरासाठी पैसे पाठवायचा सरळ मार्ग आहे : रिझर्व्ह बँकेची उदारीकृत प्रेषण योजना. बँकेत तिला एलआरएस म्हणतात. एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकन डॉलर. दिरहम डॉलरशी ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, म्हणून ही मर्यादा ९ लाख १८ हजार दिरहम होते. आपला फ्लॅट १० लाखांचा. म्हणजे एकट्या माणसाला एका वर्षात तो कायद्याने पूर्ण घेताच येत नाही! नवरा-बायको किंवा जवळचे नातेवाईक आपापली मर्यादा एकत्र करू शकतात, पण प्रत्येकाचं पॅन, प्रत्येकाचा अर्ज आणि प्रत्येकाच्या पैशाचा स्रोत वेगळा दाखवावा लागतो.

त्यावर टीसीएस. वर्षाला माणशी १० लाख रुपयांच्या वर पाठवलेल्या रकमेवर बँक २० टक्के कापून सरकारकडे भरते. दोघांनी प्रत्येकी १ कोटी २० लाख पाठवले तर प्रत्येकाचे २२ लाख, दोघांचे ४४ लाख. हा खर्च नव्हे. रिटर्न भरताना तो करात वळता होतो किंवा परत मिळतो. पण तोवर पैसे अडकतात. फ्लॅटचे २ कोटी ४० लाख, वरचे सोळा लाख, हे चव्वेचाळीस लाख. पहिल्या वर्षी हातात तीन कोटींच्या वर रक्कम हवी. जाहिरातीत हे कुठे लिहिलेलं असतं?

आता जो मार्ग आपल्याकडे सर्रास सुचवला जातो त्याबद्दल स्पष्ट बोलतो. ‘भाईजान तिकडे दिरहम भरतील, आपण इकडे त्यांच्या घरच्यांना रुपये देऊ.’ घरातल्या घरात, विश्वासाचा व्यवहार. कुणाला यात चूक वाटत नाही. पण फेमा कायद्याच्या तिसऱ्या कलमात हेच मना आहे : परदेशातली मालमत्ता मिळवण्याच्या मोबदल्यात भारतात पैशाचा व्यवहार करणं. हुंडीवाला मध्ये असो वा सख्खा भाऊ, कायद्याला फरक पडत नाही. दंड गुंतलेल्या रकमेच्या तिप्पट होऊ शकतो. आणि २०१५ पासून ३७-अ हे कलम आहे. परदेशातली मालमत्ता नियम मोडून घेतली असेल तर तेवढ्याच किमतीची तुमची भारतातली मालमत्ता जप्त होऊ शकते. म्हणजे दुबईच्या फ्लॅटपायी गावातलं अब्बांनी बांधलेलं घर. एवढा मोठा धोका कुणी समजून-उमजून पत्करत नाही. तो पत्करला जातो कारण कुणी सांगितलेलंच नसतं.

क्रेडिट कार्डाने बुकिंग, क्रिप्टोने पैसे, हेही असेच फसवे रस्ते. बिल्डर घेईल, त्याच्या देशात त्याला चालतं. उत्तर भारतात तुम्हाला द्यायचं आहे. भारतात राहणाऱ्याने तिथल्या बँकेचं कर्ज घेऊन घर घेणं हेही फेमाच्या साधारण परवानगीत बसत नाही. आणि ‘महिना १ टक्का’ वाली योजना, ज्यात ताबा मिळाल्यावरही वर्षानुवर्षं हप्ते चालतात, तिचा कागद सही करण्याआधी आपल्या बँकेच्या परकीय चलन विभागाला आणि परदेशी व्यवहार जाणणाऱ्या सीएला दाखवा. तुम्ही आज असं कर्तव्य स्वीकारता जे उद्या एलआरएसच्या मर्यादेत बसलं पाहिजे. मर्यादा उद्या बदलली तर बिल्डर थांबत नाही.

‘टॅक्स नाही’ हे अर्धं वाक्य

दुबईत व्यक्तीच्या उत्पन्नावर कर नाही, हे खरं. पण भारताचा सामान्य रहिवासी असलेल्या माणसाचं जगभरातलं उत्पन्न भारतात करपात्र असतं. दुबईच्या फ्लॅटचं भाडं इथल्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. विकून नफा झाला तर त्यावरही इथे कर. दोन वर्षांहून जास्त काळ ठेवून विकलं तर साडेबारा टक्के. तो कर वाचवायला त्या नफ्यातून दुसरं घर घेणार असाल तर ते घर भारतातच असावं लागतं.

याहून महत्त्वाचं म्हणजे माहिती देणं. रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचं वेगळं परिशिष्ट असतं, शेड्यूल एफए. भाडं शून्य असलं, घर बंद असलं, तरी ते भरायचं. नाही भरलं तर २०१५ चा काळा पैसा कायदा लागतो : एका वर्षाच्या चुकीला १० लाख रुपये दंड. ऑक्टोबर २०२४ पासून २० लाखांपर्यंतच्या छोट्या परदेशी मालमत्तांना या दंडातून सूट मिळाली, पण स्थावर मालमत्ता त्या सवलतीतून वगळलेली आहे. घर लपवलं आणि पैशाचा हिशेब देता आला नाही तर ३० टक्के कर, त्याच्या तिप्पट दंड आणि कैदेचीही तरतूद आहे. ‘त्यांना कसं कळणार?’ असं म्हणणारे भेटतील. देशादेशांत खात्यांची माहिती आपोआप जाते-येते, आणि तुम्ही बँकेतून पाठवलेला प्रत्येक दिरहम तुमच्या पॅनवर नोंदलेला असतो. आपल्या कष्टाचा पैसा आहे, तर तो लपवायचा कशाला?

दुबईचा कायदा

दुबईत परदेशी माणसाला कुठेही घर घेता येत नाही. २००६ च्या ७ क्रमांकाच्या कायद्याने शासकांनी ठरवून दिलेल्या भागांतच त्याला पूर्ण मालकी किंवा जास्तीत जास्त ९९ वर्षांचा हक्क मिळू शकतो. म्हणून पहिला प्रश्न : पूर्ण मालकी की मुदतीचा हक्क? दोन्ही जाहिराती सारख्याच चकचकीत असतात. आणि दुबईचा हा कायदा शारजा किंवा अजमानला लागू नाही. आपली बरीच माणसं भाडं परवडतं म्हणून तिकडे राहतात आणि स्वस्तात फ्लॅट मिळतो म्हणून तिकडेच बघतात. प्रत्येक अमिरातीचा नियम, फी, नोंदणी वेगळी. एकीकडची माहिती दुसरीकडे वापरू नका.

सगळ्यात जास्त जोखीम आहे न बांधलेल्या घरात. २००८ च्या मंदीत दुबईत घरांच्या किमती निम्म्याहून खाली आल्या, कित्येक प्रकल्प अर्धवट राहिले आणि रद्द झाले. त्यातून कायदे कडक झाले. २००७ च्या एस्क्रो कायद्याप्रमाणे खरेदीदारांचे पैसे प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात जायला हवेत. २००८ च्या कायद्याप्रमाणे अशी प्रत्येक विक्री अंतरिम नोंदवहीत चढवावी लागते, नाही तर ती रद्दबातल. म्हणून हप्ता बिल्डरच्या किंवा ब्रोकरच्या खात्यात कधीच भरू नका, फक्त त्या प्रकल्पाच्या एस्क्रो खात्यात. आणि नोंदणीचा दाखला, ज्याला तिथे ‘उकूद’ म्हणतात, हातात घ्या. प्रकल्पाची नोंदणी, काम किती झालं, ब्रोकरचा परवाना, हे सगळं जमीन खात्याच्या ‘दुबई रेस्ट’ या ॲपवर बघता येतं.

कायदा खरेदीदाराला संरक्षण देतो तसा बिल्डरलाही देतो. तुमचे हप्ते थकले तर जमीन खात्यामार्फत ३० दिवसांची नोटीस येते. नंतर करार मोडला, आणि इमारत ६० टक्क्यांहून जास्त झालेली असेल, तर बिल्डर घराच्या किमतीच्या ४० टक्क्यांपर्यंत रक्कम ठेवून घेऊ शकतो. काम सुरू होऊन ६० टक्क्यांच्या आत असेल तर २५ टक्क्यांपर्यंत. नीट ऐका, हे टक्के भरलेल्या पैशांचे नाहीत, घराच्या पूर्ण किमतीचे आहेत. १० लाखांच्या फ्लॅटवर तुम्ही ३ लाख भरले, इमारत ७० टक्के झाली आणि तुमची नोकरी गेली. बिल्डरचा हक्क ४ लाखांपर्यंत आहे. तुमचे तीनही लाख गेले. महिना १ टक्का भरताना हे कलम कुणी वाचून दाखवत नाही.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात. करार इंग्रजी-अरबी असेल तर न्यायालयात अरबी मजकूर प्रमाण धरला जातो, म्हणून दोन्ही सारखे आहेत ना ते आपल्या वकिलाकडून तपासून घ्या, बिल्डरच्या नव्हे. आणि भाडेकरू असलेला फ्लॅट स्वतः राहायला घेतलात तर त्याला मुदत संपताना खाली करायला लावण्यासाठी नोटरीमार्फत किंवा नोंदणीकृत टपालाने १२ महिने आधी नोटीस द्यावी लागते. ‘पुढच्या महिन्यात खाली होईल’ या शब्दावर विसंबू नका.

व्हिसाबद्दल लोक विचारतात. दहा वर्षांच्या गोल्डन व्हिसासाठी मालमत्ता २० लाख दिरहमची लागते. तो राहण्याचा परवाना आहे, नागरिकत्व नव्हे. आणि व्हिसा खिशात असला म्हणून तुम्ही भारताच्या करातून सुटत नाही. तुम्ही वर्षातले किती दिवस कुठे राहता, यावर ते ठरतं.

आपल्यानंतर कुणाचं?

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि यावर आपल्या घरांत सगळ्यात कमी बोललं जातं.

ब्रोकर सांगतो, ‘काळजी नको, डीआयएफसीमध्ये वसीयत नोंदवा, सगळं बायकोला जाईल.’ ती नोंदणी मुस्लिमेतरांसाठी आहे. आपल्यासाठी तो रस्ताच नाही. मुस्लिम माणसाच्या तिथल्या मालमत्तेची वाटणी शरियतच्या हिश्शांप्रमाणे होते. वसीयत एक तृतीयांशापर्यंतच, आणि वारसालाच वसीयतीने द्यायचं तर बाकीच्या वारसांची संमती लागते. दुसरा गैरसमज म्हणजे ‘दोघांच्या नावावर आहे, एक गेला की दुसऱ्याचं.’ तिथे तसं आपोआप होत नाही. गेलेल्याचा हिस्सा त्याच्या वारसांत वाटला जातो.

उदाहरण घ्या. फ्लॅट फक्त नवऱ्याच्या नावावर आहे. बायकोने दागिने विकून, शिकवण्या घेऊन निम्मे पैसे घातलेत. मूल एकच, मुलगी. नवरा अचानक गेला, आई-वडील आधीच वारलेले, एक भाऊ आहे. सुन्नी वारसा नियमाने बायकोला आठवा हिस्सा, मुलीला निम्मा, आणि उरलेला भावाला. बायकोने घातलेले पैसे कागदावर कुठेच नाहीत, म्हणून ते तिचे नाहीतच. वारसाचा हिस्सा वेगळा आणि स्वतःच्या पैशाची मालकी वेगळी. ही दुसरी गोष्ट मालकीपत्रावर पहिल्याच दिवशी लिहून घेता येते. दुबईच्या मालकीपत्रावर कुणाचा किती टक्के हिस्सा ते नोंदवता येतं. ज्याने जितके घातले त्याचं तितकं नाव. बायकोचं, बहिणीचं, आईचं. भावाभावांनी मिळून घेतलं तर सगळ्या भावांचं. पुढे द्यायचं असेल तर हयातीत हिबा करता येतो. पती-पत्नी किंवा आई-वडील आणि मुलं यांच्यात अशा बक्षिसाची फी ४ टक्के नाही, फक्त ०.१२५ टक्के आहे.

कागद आज केले नाहीत तर उद्या ते काम तुमच्या घरच्यांवर पडतं. मृत्यू दाखला, लग्नाचा दाखला, वारस दाखला, प्रत्येकावर आधी भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, मग अमिरातीच्या दूतावासाचा, मग तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा, मग अधिकृत अरबी भाषांतर, मग तिथल्या न्यायालयाचा आदेश. तोवर बँक खातं गोठलेलं आणि सर्व्हिस चार्ज चालूच. ज्या आईने कधी पासपोर्टही काढला नाही तिने हे कसं करायचं? ‘सगळं मी बघतो’ म्हणून सर्वाधिकाराचं मुखत्यारपत्र मागणारा कुणी तरी मग दारात उभा राहतो. मुखत्यारपत्र द्यावंच लागलं तर एका कामापुरतं आणि मुदतीचं द्या.

तिकडे नोकरीला जाणाऱ्यांसाठी

तुमच्यातले काही उद्या तिकडे कमावतील. तुमच्यासाठी रस्ता सोपा आहे. परदेशात राहताना तिथल्या पगारातून घेतलेलं घर भारतात परतल्यावरही ठेवता येतं, फेमाच्या ६(४) कलमाने. एलआरएस नाही, टीसीएस नाही. पण दोन कामं चुकवू नका. पगाराच्या पावत्या, बँकेचे उतारे, खरेदीचे कागद कायम जपा, कारण दहा वर्षांनी कुणी विचारलं तर सिद्ध तुम्हाला करायचं आहे. आणि परत येऊन करासाठी सामान्य रहिवासी झालात की त्या वर्षापासून शेड्यूल एफए भरा. हप्ते बाकी असताना परतायची वेळ आली तर निघण्याआधी त्यांचा हिशेब लावा.

शेवटी क्रम सांगतो, तो लक्षात ठेवा. आधी बँक आणि सीए, मग तिथला स्वतःचा वकील, मग जमीन खात्याच्या ॲपवर खात्री, मग घरात बसून कुणाचं नाव किती टक्के याचा निर्णय, आणि सगळ्यात शेवटी टोकन. प्रदर्शनात हा क्रम उलटा करायला लावतात. आज सही केली तर सवलत, उद्या भाव वाढेल. भाव वाढू दे. ज्या घराचे कागद आठवडाभर थांबून वाचायला तुम्हाला वेळ दिला जात नाही, ते घर सोडून द्या.

आणि आज घरी गेल्यावर एक काम करा. घरात आधीच तिकडे काही घेतलेलं असेल तर अब्बांना, मोठ्या भावाला विचारा : कागद कुठे आहेत, नाव कुणाचं आहे, रिटर्नमध्ये दाखवलंय का? हे विचारणं बेअदबी नाही. अम्मीलाही त्या बोलण्यात बसवा. तिचा हिस्सा त्यात आहे.